क्रॉमफर्ड : न गोठणाऱ्या पाण्यावर उभं राहिलेलं गिरणीगाव

औद्योगिक क्रांतीचा धडा आला की 'जोड्या लावा' हा प्रश्न ठरलेला असतो. जॉन के – धावता धोटा, हारग्रीव्हज – स्पिनिंग जेनी, आर्कराइट – वॉटर फ्रेम, क्रॉम्प्टन – म्यूल. मुलं हे तोंडपाठ करतात, चार गुण पदरात पाडून घेतात आणि पुढच्या धड्याला लागतात. पण 'वॉटर फ्रेम' या नावातलं 'वॉटर' म्हणजे नेमकं कुठलं पाणी, असा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तर येतं, "नदीचं." ते अर्धंच बरोबर आहे. खरं उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात जावं लागेल.

गावाचं नाव क्रॉमफर्ड. परगणा डर्बीशायर. डर्बी शहरापासून उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर, डरवेंट नदीच्या काठी हे गाव आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मधून नदी, उतारावर दगडी घरं. लोकसंख्या आजही दीड हजाराच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम ग्रामपंचायतीएवढी. १७७० च्या आधी इथे काय होतं? थोडी शेती, मेंढ्या आणि मुख्य म्हणजे शिशाच्या खाणी. या डोंगरांत शिसं रोमन काळापासून काढलं जात होतं. पुरुष खाणीत उतरायचे. बायका-मुलं वर आलेला दगड फोडायची, धुवायची, निवडायची. काम मिळालं तर पोटापुरतं, नाहीतर तेही नाही.

अशा आडगावात १७७१ साली रिचर्ड आर्कराइट नावाचा माणूस आला आणि त्याने पाण्यासकट जमीन भाडेपट्ट्याने घेतली.

न्हावी ते गिरणीमालक

आर्कराइट हा प्रेस्टन गावच्या शिंप्याचा मुलगा, जन्म १७३२ चा. घरात भावंडं पुष्कळ, शाळेत घालायला पैसे नाहीत. तो न्हाव्याचं काम शिकला आणि बोल्टन गावात दुकान थाटलं. त्या काळी इंग्लंडात केसांचे टोप घालायची फॅशन होती. टोपासाठी केस विकत घ्यायला तो गावोगाव फिरायचा. लँकेशायरमध्ये तेव्हा घरोघरी कताई-विणाई चालायची, त्यामुळे फिरता फिरता त्याच्या कानावर एकच तक्रार यायची : सूत पुरत नाही. जॉन केच्या धावत्या धोट्यामुळे विणकर भराभर विणू लागला होता, पण एका विणकराला पुरेल एवढं सूत कातायला अनेक बायका लागत.

त्याने सूत कातण्याचं यंत्र करायचं ठरवलं. मदतीला घेतला एक घड्याळजी. त्याचंही नाव जॉन के! (मुलांनो, इथे गडबड करू नका. धावत्या धोट्याचा जॉन के वेगळा, हा वेगळा.) हा घड्याळजी आधी टॉमस हाइज नावाच्या कारागिराकडे अशाच यंत्रावर काम करत होता. म्हणजे कल्पना मुळात कुणाची, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आर्कराइटला १७६९ मध्ये पेटंट मिळालं. १७७५ मध्ये पिंजण्यापासूनच्या पुढच्या सगळ्या यंत्रांसाठी त्याने आणखी एक पेटंट घेतलं. १७८५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. त्या खटल्यात हाइज आणि घड्याळजी के या दोघांनीही आर्कराइटच्या विरोधात साक्ष दिली.

माझ्या मते आर्कराइटला 'संशोधक' म्हणून एका ओळीत बसवणं हे पाठ्यपुस्तकाचं सोयीचं काम आहे. यंत्र दुसऱ्याच्या डोक्यातून आलं असेलही. त्याने स्वतः उभं केलं ते यंत्राच्या भोवतीचं सगळं, म्हणजे पाणी, इमारत, माणसं, वेळ, घरं. ते सगळं क्रॉमफर्डमध्ये झालं, म्हणून आपण गावाबद्दल बोलतोय.

यंत्र काय करत होतं?

हे समजायला कापसाचा एक बोळा हातात घ्या. दोन्ही हातांनी हळूहळू ओढा. तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बोळा लांब, बारीक होतो. आणखी ओढलं तर तुटतो. पण तुटायच्या आत त्याला पीळ दिला तर तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि धागा तयार होतो. टकळी असो, चरखा असो की आजची सूतगिरणी, कामं दोनच : ओढणं आणि पीळ देणं. चरख्यावर ओढण्याचं काम कातणाऱ्याची बोटं करतात. पेळूतून किती कापूस सोडायचा हे बोटांना कळतं, आणि ते कळायला वर्षं लागतात.

वॉटर फ्रेमने बोटांच्या जागी रूळ बसवले. रुळांच्या जोड्या एकामागे एक. पहिली जोडी हळू फिरते, पुढची तिच्यापेक्षा जलद, त्यापुढची आणखी जलद. मागून आलेला पेळू पुढच्या जोडीत शिरला की ती त्याला जास्त वेगाने खेचते आणि पेळू ओढला जातो. शेवटी फिरती चाती त्याला पीळ देते आणि सूत बॉबिनवर गुंडाळलं जातं.

रुळांची ही कल्पना आर्कराइटच्याही आधीची. लुइस पॉल आणि जॉन वायट यांनी १७३८ मध्येच असं पेटंट घेतलं होतं, नॉर्दॅम्प्टन इथे पाण्यावर चालणारी गिरणीही निघाली होती, पण ती तोट्यात गेली. मग आर्कराइटचं यंत्र का चाललं? एक मोठं कारण म्हणजे रुळांच्या जोड्यांमधलं अंतर. ते कापसाच्या तंतूच्या लांबीपेक्षा किंचितच जास्त हवं. कमी पडलं तर एकच तंतू दोन्हीकडून धरला जातो आणि तुटतो. फार जास्त झालं तर मधले तंतू मोकळे राहतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं. शिवाय वरचा रूळ घट्ट दाबलेला राहावा म्हणून त्याला वजनं लटकवलेली. बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण चालणारं यंत्र आणि न चालणारं यंत्र यांत फरक होता तो एवढाच.

दुसरी गोष्ट सुताच्या जातीची. कापडात उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा. ताण्यावर मागावर जबरदस्त ताण पडतो, त्याला मजबूत सूत लागतं. हारग्रीव्हजच्या जेनीचं सूत मऊ, ते बाण्याला चालायचं. इंग्लंडात हाताने कातलेलं सुती सूतही ताण्याला टिकत नसे, म्हणून तिथे ताणा जवसाच्या तागाचा, म्हणजे लिननचा, आणि बाणा कापसाचा असं मिश्र कापड विणत. वॉटर फ्रेमचं सूत घट्ट पिळाचं होतं. ते ताण्याला चाललं. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच ताणा-बाणा दोन्ही कापसाचं कापड मोठ्या प्रमाणात विणता येऊ लागलं.

आपल्याकडे हे शतकानुशतकं चालत आलेलं होतं, हे लक्षात घ्या. कालिकतवरून नाव पडलेलं 'कॅलिको', मच्छलीपट्टणची छिटं, ढाक्याची मलमल हे सगळं शुद्ध सुती आणि हातसुताचं. ईस्ट इंडिया कंपनीने हे कापड इंग्लंडात नेलं तेव्हा तिथल्या बायकांनी लोकरीला रामराम ठोकला. लोकर आणि रेशीमवाल्यांनी ओरड केली. पार्लमेंटने १७०० मध्ये भारतातलं छापील कापड आणायला बंदी घातली आणि १७२१ मध्ये त्याही पुढे जाऊन बहुतेक सगळं छापील सुती कापड वापरणंच बेकायदा ठरवलं. गंमत अशी की पन्नास वर्षांनी हाच कायदा आर्कराइटच्या आड आला. त्याचं कापड इंग्लंडमध्येच झालेलं, पण सुती! त्याने आणि त्याच्या भागीदारांनी पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७७४ मध्ये इंग्लंडात बनलेल्या सुती कापडाला परवानगी मिळाली. अट एक : कापडाच्या काठात तीन निळे धागे विणायचे, म्हणजे माल देशी आहे हे ओळखू येईल. परदेशी म्हणजे मुख्यतः आपला. आपल्या विणकरांना बाहेर ठेवणारी भिंत तशीच राहिली, इंग्लंडच्या गिरणीवाल्यासाठी तेवढा दरवाजा उघडला.

मग पाणी कुठलं?

आर्कराइटने पहिली गिरणी नॉटिंगहॅम शहरात घोड्यांवर चालवून पाहिली होती. घोडे खातात, थकतात, बदलावे लागतात. परवडेना. मोजे-व्यापारी जेडेडाया स्ट्रट आणि सॅम्युएल नीड यांनी पैसा घातला आणि पाण्याची जागा शोधणं सुरू झालं. पाण्यावरच्या कारखान्याचा नमुनाही त्याच नदीवर होता. डर्बीला डरवेंटच्या काठी लोंब यांची रेशीमगिरणी १७२१ पासून उभी होती.

क्रॉमफर्डला डरवेंट नदी दारात वाहते. पण पहिली गिरणी त्या नदीवर उभी राहिली नाही. नदी अंगाने मोठी. पावसात पूर येतो, बांध घालायचा तर खर्च मोठा. आर्कराइटने घेतले दोन लहान प्रवाह. एक बॉन्सॉलचा ओढा. दुसरा म्हणजे शिशाच्या खाणीतून निघणारं पाणी.

हे दुसरं पाणी फार महत्त्वाचं. खाण खोल गेली की तिच्यात पाणी भरतं. डर्बीशायरचे खाणवाले पाणी उपसत बसण्याऐवजी डोंगराच्या पायथ्यापासून आत आडवं भुयार खणत आणि खाणीतलं पाणी त्यातून आपोआप बाहेर वाहू देत. क्रॉमफर्डचं भुयार सतराव्या शतकातलं. त्याच्या तोंडातून बारमाही पाणी वाहत होतं आणि खाणवाल्यांच्या दृष्टीने ते निव्वळ सांडपाणी होतं. जमिनीच्या पोटातून येत असल्यामुळे त्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं ना, तसंच. इंग्लंडच्या हिवाळ्यात ओढे गोठत, पाणचक्क्या बंद पडत. हे पाणी गोठत नसे.

म्हणजे वर्षाचे बाराही महिने आणि दिवसाचे चोवीस तास चाक फिरू शकत होतं. फिरू शकतं म्हटल्यावर ते फिरवायचंच, हा आर्कराइटचा हिशेब. क्रॉमफर्डमधलं पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघालं.

घंटा आणि गाव

१७७२ मध्ये पाच मजली दगडी गिरणी चालू झाली. काम दोन पाळ्यांत, बारा-बारा तासांच्या. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला घंटा व्हायची. सहाच्या ठोक्याला फाटक बंद. ज्याला उशीर झाला त्याचा तो दिवस बुडालाच, वर आणखी एका दिवसाची मजुरी कापली जायची.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही. शाळेलाही घंटा असते! पण तेव्हाचा माणूस असा जगत नव्हता. शेतकरी उजेड आणि ऋतू बघून काम करायचा. घरी विणणारा विणकर सोमवारी निवांत बसायचा आणि शुक्रवारी रात्र जागून ठाण पुरं करायचा. खाणकामगार मालाच्या हिशेबाने पैसे घ्यायचा. काम संपलं की दिवस संपला, हा नियम. क्रॉमफर्डमध्ये दिवस संपला की काम संपत नव्हतं, माणसं बदलत होती आणि चाक चालू राहत होतं. पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी मुंबईत गिरण्या आल्या आणि भोंग्यावर उठणारं गिरणगाव तयार झालं. तिथे ओढा नव्हता, कोळसा जाळून वाफेवर गिरणी चालायची. पण भोंगा, पाळी, हजेरी, खाडा हे सगळं या घंटेचंच वंशज.

एवढी माणसं आडगावात आणायची कुठून? १७७१ च्या डिसेंबरातच वर्तमानपत्रात जाहिरात आली होती. घड्याळजी, लोहार, लाकूड कातणारे हवेत, आसपासच्या विणकरांना काम मिळेल, बायका-मुलांनाही रोजगार आहे आणि मजुरी चांगली. पण माणसं यायची तर राहायला घर हवं. म्हणून १७७६ च्या सुमारास नॉर्थ स्ट्रीट नावाची गल्ली बांधली गेली. समोरासमोर दोन रांगा, तीन मजली दगडी घरं, प्रत्येक मजल्यावर जवळजवळ एकच खोली. सर्वांत वरच्या मजल्याला लांबलचक खिडकी, कारण तिथे माग बसायचा आणि मागाला उजेड लागतो. बायको आणि मुलं गिरणीत सूत काढणार, नवरा वर माळ्यावर कापड विणणार. घर मालकाचं, भाडं मालकाला. त्या काळाच्या मानाने ही घरं चांगलीच म्हणायला हवीत. अडीचशे वर्षांनी आजही लोक त्यांत राहतात.

गावात बाजार भरवला, खानावळ-मुक्कामासाठी ग्रेहाउंड नावाचं मोठं हॉटेल बांधलं. बाजारात चांगला माल आणणाऱ्या खाटिक-बेकरांना बक्षिसंही ठेवली होती. वर्षातून आठवडाभर सुट्टी मिळायची, पण सुट्टीत गाव सोडायचं नाही, ही अट! कामगार गेला आणि दुसरीकडे चिकटला तर? ही सुट्टी म्हणावी की नजरकैद, तुम्हीच ठरवा.

आता मुलांबद्दल. यंत्राला ताकद लागत नव्हती. तुटलेला धागा पटकन जोडायचा, भरलेली बॉबिन काढून रिकामी लावायची, खाली साचलेली कापसाची तूस झाडायची. लहान बोटं आणि कमी उंची यांना ही कामं सोपी, आणि मजुरी मोठ्या माणसाच्या कितीतरी कमी. सुरुवातीला सात वर्षांपासूनची मुलं कामाला घेत, पुढे ते वय दहा केलं. आर्कराइटच्या शेवटच्या काळात सुमारे ११५० कामगारांपैकी दोनतृतीयांशच्या आसपास मुलं होती. सात वर्षं म्हणजे आपली दुसरीतली मुलं. बारा तास, त्यातही कधी रात्रीची पाळी.

आर्कराइटची बाजू घेणारे सांगतात की इतर मालकांसारखी अनाथालयांतून मुलं उचलून आणण्यावर त्याची गिरणी चालत नव्हती, आईबापांसह कुटुंबं यायची, आणि १७८५ मध्ये त्याने रविवारची शाळाही काढली. हे खरं आहे. पण सहा दिवस बारा तास राबलेल्या पोराला सातव्या दिवशी अक्षरओळख, ही कसली शाळा, असं शिक्षक म्हणून वाटल्याशिवाय राहत नाही. दुसरीकडे हेही खरं की ही मुलं त्याआधी घरी खेळत नव्हती. खाणीच्या तोंडाशी दगड फोडत होती. गिरणीने बालमजुरी नव्याने आणली नाही. तिने बालमजुरीला वेळापत्रक दिलं.

आणि कापूस? डर्बीशायरच्या थंडीत कापूस उगवत नाही. तो तुर्कस्तानच्या बाजूने, ब्राझीलहून आणि वेस्ट इंडीज बेटांवरून यायचा. ब्राझील आणि वेस्ट इंडीजमध्ये तो पिकवणारे, वेचणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातून आला, तोही गुलामांच्याच कष्टाचा. गावाचा फोटो बघताना फाटकाबाहेरचं हे जग दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रात्री गिरणी कशी दिसायची, याची दोन वर्णनं आहेत. डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट याने १७८० च्या दशकात क्रॉमफर्डच्या गिरण्यांचं रात्रीचं चित्र काढलं. चांदणं, काळे डोंगर आणि खाली शेकडो खिडक्यांतून झळकणारा दिव्यांचा उजेड. जॉन बिंग नावाचा हौशी प्रवासी १७९० मध्ये आला, त्याला अंधारात उजळलेल्या या इमारती मोठ्या लढाऊ जहाजासारख्या आणि सुंदर वाटल्या. पण यंत्रांच्या गोंगाटात खोऱ्यातले साधे आवाज बुडाले, साध्या खेडूताचा उद्धट कारागीर झाला, अशी कुरकुरही त्याने केली आहे. आतल्या पोरांना तो उजेड कसा वाटत असेल, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

भीती आणि नक्कल

१७७९ मध्ये लँकेशायरच्या कताई-कामगारांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली. चॉर्लीजवळच्या बर्कएकर इथली आर्कराइटची गिरणी त्यांनी जाळली. जमाव क्रॉमफर्डवर येणार अशी आवई उठली, तेव्हा इथे बंदुका, तोफा, भाले जमवले गेले. जमाव आला नाही. पण आजही रस्त्याच्या बाजूने गिरणीच्या आवाराकडे पाहिलं तर खालच्या भिंतीत खिडक्या नाहीत, किल्ल्यासारखी उंच भिंत आणि फाटक.

आगीपेक्षा नक्कल थांबवणं अवघड होतं. आर्कराइट पैसे घेऊन यंत्राचा परवाना द्यायचा, काहीजण न देताच यंत्र करायचे. पेटंट गेल्यावर तर रानच मोकळं झालं. १७८० चं दशक संपेपर्यंत ब्रिटनमध्ये याच नमुन्याच्या सुमारे दोनशे गिरण्या झाल्या होत्या. जर्मनीत ब्रुगेलमान नावाच्या व्यापाऱ्याने राटिंगेन इथे १७८३-८४ मध्ये अशीच गिरणी उभी केली, युरोपखंडातली या जातीची पहिली, आणि तिला नावही दिलं 'क्रॉमफर्ड'! यंत्रं आणि नकाशे देशाबाहेर नेण्यास इंग्लंडमध्ये बंदी होती. कुशल कारागिरांनाही बाहेर जायला मनाई. डरवेंटच्याच काठच्या बेल्परमध्ये स्ट्रटच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये सगळं डोक्यात साठवून गुपचूप अमेरिकेला गेला आणि ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे, पुन्हा एका नदीवरच, त्याने यंत्रं उभी केली. अमेरिकेत त्याला उद्योगाचा जनक म्हणतात. बेल्परचे लोक त्याला काय म्हणायचे ते सांगायला नको.

न्हाव्याचं दुकान चालवलेला आर्कराइट १७८६ मध्ये 'सर' झाला. पन्नाशी उलटल्यावर तो रोज तासभर व्याकरण आणि तासभर शुद्धलेखन करत बसायचा असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे. (दहावीच्या मुलांनी नोंद घ्यावी.) १७९२ मध्ये तो वारला तेव्हा त्याची मालमत्ता पाच लाख पौंडांच्या घरात होती. दोन वर्षांनी क्रॉमफर्डचा कालवा पूर्ण झाला आणि खेचरं-घोडागाड्यांवरून येणारा माल होड्यांतून येऊ लागला.

पाणी गेलं

आता ज्या पाण्यावर सगळं उभं होतं त्याच्याकडे परत वळू.

भुयाराचं पाणी आर्कराइटचं नव्हतं. ते खाणीचं होतं. आणि खाणवाल्यांना पाणी नकोच होतं, त्यांना खाण कोरडी हवी होती. जुन्या भुयाराच्या पातळीखाली शिसं होतं आणि तिथे पुन्हा पाणी भरत होतं. म्हणून त्यांनी आणखी खालच्या पातळीवर दुसरं भुयार खणायला घेतलं, मीरब्रुक नावाचं. त्याचं काम १७७२ मध्येच, म्हणजे पहिली गिरणी चालू झाली त्याच वर्षी सुरू झालं होतं. खडक फोडत ते अनेक दशकं पुढे सरकत राहिलं. पाणी नेहमी खालची वाट धरतं. खालचं भुयार आत पोचलं तसं वरच्या क्रॉमफर्ड भुयाराचं पाणी आटत गेलं.

आर्कराइटच्या वारसांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं : साठ-सत्तर वर्षं हे पाणी आमच्या चाकावरून वाहतंय, त्यावर आमचा हक्क झाला. १८३९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नाही. हा नैसर्गिक ओढा नाही. खाणवाल्यांनी आपल्या सोयीसाठी काढून टाकलेलं पाणी आहे. ते तुम्ही वापरलंत, चांगलं केलंत, पण म्हणून त्यांनी ते कायम सोडत राहावं अशी सक्ती तुम्हाला करता येणार नाही.

शेजाऱ्याने विहिरीचं पाणी उपसून चारीला सोडलं, तुम्ही त्यावर दहा वर्षं भाजीचे वाफे केले. एक दिवस त्याने उपसा बंद केला. तुम्ही काय म्हणणार? क्रॉमफर्डचा दावा असाच होता, फक्त वाफ्याच्या जागी पाच मजली गिरण्या होत्या. पाणी आणि हक्क यांच्या खटल्यांत हा निकाल पुढेही उदाहरण म्हणून दिला जात राहिला.

१८४० च्या दशकात क्रॉमफर्डच्या या जुन्या आवारातली सूतकताई जवळजवळ थांबली. सगळा दोष पाण्यालाच देता येणार नाही. मँचेस्टरच्या बाजूला तोवर वाफेच्या गिरण्या उठल्या होत्या. तिथे कोळसा जवळ, बंदर जवळ, बाजार जवळ. क्रॉमफर्ड ज्या आडबाजूपणामुळे निवडलं गेलं होतं तोच आता नडला. आर्कराइटचा मुलगा तर आधीच सुतापेक्षा जमिनी आणि सावकारीत रमला होता.

पण गावातला धंदा सगळाच बुडाला असं नाही. थोरल्या आर्कराइटने १७८३ मध्ये जवळच आणखी एक गिरणी बांधली होती, मॅसन मिल. लाल विटांची, देखणी. तिच्यासाठी मात्र त्याने डरवेंट नदीच वापरली होती. खाणवाल्यांच्या भुयाराशी तिचा काही संबंध नव्हता. जुन्या आवारात धोबीखाना, दारूची भट्टी असे निरनिराळे उद्योग येऊन गेले. मॅसन मिलमध्ये कापडाचं काम १९९१ पर्यंत चालू होतं.

जुन्या आवारात विसाव्या शतकात रंगांचा कारखाना होता आणि रंगात शिशाची संयुगं असायची. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी या संस्थेने ही जागा विकत घेतली तेव्हा इमारती आणि जमीन विषारी रंगाने माखलेल्या होत्या, आणि त्या साफ करायला वर्षानुवर्षं लागली. २००१ मध्ये मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंतचं सुमारे २४ किलोमीटरचं डरवेंटचं खोरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. पहिल्या गिरणीचे वरचे मजले आगीत गेले, आता तीनच उरलेत. रस्त्यावरून पाणी पलीकडे नेणारा ओतीव लोखंडाचा पाट, १८२१ चा, अजून डोक्यावर दिसतो.

आणि मीरब्रुकचं ते खालचं भुयार? शिशाच्या खाणी बंद होऊन जमाना झाला, पण त्याच्या तोंडातून पाणी अजून वाहतंय. ते आता नळाच्या पुरवठ्यासाठी घेतलं जातं.